नळीत गाळ कमी भरला म्हणजे खालचा भाग निसटला असं नव्हे

कोअरर म्हणजे समुद्रतळातून गाळाचा उभा नमुना काढणारं उपकरण. त्याची नळी समुद्रतळात ३ मीटर घुसली आणि आत गाळ २ मीटरच भरला, तर ‘खालचा मीटरभर गाळ निसटला’ असं सर्रास सांगितलं जातं. क्वचित तसं घडतंही. पण बरेचदा कारण वेगळं असतं.

नळी जसजशी खाली जाते, तसतसं तिच्या आतल्या भिंतीशी गाळाचं घर्षण वाढतं. मग मऊ थर आत शिरण्याऐवजी बाजूला ढकलले जातात. काही पातळ होऊन येतात, काही येतच नाहीत. म्हणजे तूट एका टोकाला नसते, मध्येमध्ये विखुरलेली असते. ती सगळी तळाशी धरली की थरांची खोली चुकते आणि गाळ साचण्याचा वेगही! म्हणून नळी खरोखर किती खोल घुसली ते कळण्यासाठी, तिला बाहेरून चिखल कुठवर लागलाय, ते धुण्याआधी मोजून लिहायलाच हवं.

स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ कुलेनबर्ग यांनी १९४० च्या दशकात पिस्टन कोअरर घडवला तो घर्षणावर मात करायलाच. पिस्टन, म्हणजे नळीतला दट्ट्या, गाळाच्या पृष्ठभागाशी थांबतो, नळी त्याच्याभोवती खाली सरकते आणि शोषणामुळे गाळ आत टिकतो. मात्र पिस्टन वर ओढला गेला तर थर उलट ताणले जातात. अगदी वरचा सैल थर हवा असेल, तर नळ्या संथपणे रुतवणारा मल्टिकोअररच वापरावा.