महाराष्ट्रातील मुक्त व दूरशिक्षण

शिक्षक आणि विद्यार्थी एका वर्गात समोरासमोर नसताना दिले जाणारे नियोजनबद्ध शिक्षण म्हणजे दूरशिक्षण. त्यात वय, आधीची पात्रता आणि कालावधी यांच्या अटी सैल केल्या की ते मुक्त शिक्षण होते. भारतात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये तोच मार्ग धरला.

महाराष्ट्रात या शिक्षणाला खरा विस्तार मिळाला तो १ जुलै १९८९ रोजी नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. संस्थापक कुलगुरू राम ताकवले यांनी उभारणीची दिशा ठरवली. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीची वाट खुली झाली. बारावीआधीच लग्न झालेल्या मुली, कारखान्यात पाळीवर जाणारे कामगार, पोलीस शिपाई, शेतकरी अशा अनेकांना त्यामुळे पुन्हा नाव नोंदवता आले. शेतीचे शिक्षणक्रम मराठीतून आखणे हे तर या विद्यापीठाचे विशेष मोठे काम मानले पाहिजे.

या पद्धतीचा कणा म्हणजे स्वयं-अध्ययनाचे पुस्तक. त्यातला प्रत्येक घटक उद्दिष्टांनी सुरू होतो. दोन-तीन पानांचे विवेचन झाले की लगेच छोटे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे घटकाच्या शेवटी असतात. रात्री घर आवरल्यावर पुस्तक उघडणाऱ्या बाईला आपले कुठे चुकले हे कुणाला न विचारता कळावे, म्हणून ही रचना. जे पुस्तकातून उलगडत नाही त्यासाठी तालुक्याच्या महाविद्यालयातले अभ्यासकेंद्र असते. तिथे सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे, म्हणजे प्रत्यक्ष भेटीचे तास, होतात आणि संमंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, शंका सोडवतात.

पुढच्या पिढीसाठी या मार्गाचे महत्त्व वाढत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणीचे प्रमाण, म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणात नाव नोंदवलेल्यांची टक्केवारी, ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. २०१८ मध्ये ते २६.३ टक्के होते. एवढी वाढ केवळ नव्या इमारती बांधून साधणार नाही, आणि धोरणानेही दूरशिक्षणावर भिस्त ठेवली आहे. २०१७ पासून ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर विनाशुल्क अभ्यासक्रम शिकता येतात. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. त्यामुळे नियमित महाविद्यालयात जाणारा विद्यार्थीही दुसरी पदवी दूरशिक्षणाने घेऊ शकतो.

अडचण आहे ती साहित्याची. ऑनलाइन अभ्यासक्रमांत इंग्रजीचा वरचष्मा आहे, आणि नुसते ध्वनिचित्रित व्याख्यान म्हणजे स्वयं-अध्ययनाचा घटक नव्हे. घरात एकच मोबाइल आणि तोही दिवसभर कामावर गेलेला, अशा कुटुंबातल्या विद्यार्थ्याला छापील मराठी पुस्तक आणि जवळचे अभ्यासकेंद्र या दोन्ही गोष्टी यापुढेही लागणार आहेत.