‘घराण्यातच आहे ते’: साखर, जनुक आणि उतारवयातली स्मृती

इंदूरला रामबागेत माझ्या आत्याकडे गोळ्या ठेवायचा एक स्टीलचा डबा आहे. शुगरच्या, बीपीच्या, थायरॉइडच्या सगळ्या पट्ट्या त्यात. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिनं शुगरची गोळी घेतली, आणि घेतल्याचं विसरून अर्ध्या तासानं पुन्हा घेतली. रात्री ती घामानं भिजून पलंगाच्या कडेला बसली होती, समोर कोण आहे ते तिला कळत नव्हतं. मशीनवर शुगर 48 आली. साखरेचं पाणी पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती भानावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबीच्या बश्या पुढ्यात घेऊन घरात चर्चा झाली. काका म्हणाले, “साठी बुद्धी नाठी, चालायचंच.” वहिनी म्हणाल्या, “आजींचंही असंच झालं होतं ना? घराण्यातच आहे ते.”

ही दोन वाक्यं बहुतेक मराठी घरांत ऐकू येतात. वैद्यकशास्त्रानंही याच क्रमानं ती दीर्घकाळ खरी धरली होती. आधी वयाला बोल लावला, मग रक्ताला. तिसरं कारण मात्र पहिल्या दिवसापासून कागदावर होतं, हे मला फार उशिरा कळलं.

1901 च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिच्याशी झालेलं बोलणं शब्दन् शब्द टिपून ठेवलं. ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस जेवत होती. काय खाताय असं विचारलं तर म्हणाली, पालक. ही फाइल पुढे हरवली आणि थेट 1995 साली फ्रँकफुर्टलाच सापडली. डेटर 1906 मध्ये वारली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अल्झायमर यांनी त्याच नोव्हेंबरात ट्युबिंगनच्या सभेत दोन गोष्टी सांगितल्या: पेशींच्या बाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. हे सगळीकडे वाचायला मिळतं. त्याच छोट्याशा अहवालात आणखी एक ओळ आहे. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या, असं त्यांनी लिहिलं होतं. पुटांवर आणि धाग्यांवर शंभर वर्षं संशोधन झालं. रक्तवाहिन्यांची ती ओळ मात्र मागे पडली.

1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. पण तो पन्नाशीतल्या माणसांचा दुर्मीळ आजार मानला गेला. सत्तरी-ऐंशीतल्यांचं विसरणं म्हणजे म्हातारपण, म्हातारचळ. त्याचा तपास कशाला करायचा? 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी वारलेल्या वृद्धांचे मेंदू तपासले, तेव्हा तीच पुटं आणि तेच धागे तिथेही निघाले. 1976 मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी लिहिलं की दोन्ही आजार एकच आहेत आणि तो समाजातला एक मोठा मारक रोग आहे. म्हणजे आमच्या काकांचं वाक्य शास्त्रानं तेव्हाच खोडलं होतं. घराघरांतून ते अजून खोडलं गेलेलं नाही.

वहिनींच्या वाक्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 1993 मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाला उतारवयातल्या अल्झायमरचा एका जनुकाशी संबंध सापडला. एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं हे जनुक एपीओई नावाचं. त्याचे तीन मुख्य प्रकार: दोन, तीन आणि चार. चार नंबरचा प्रकार आई-वडिलांपैकी एकाकडून आला तर धोका साधारण तिप्पट होतो, दोघांकडून आला तर कितीतरी पट वाढतो. डीएनएच्या रचनेचे शोधक जेम्स वॉटसन यांनी 2007 मध्ये आपला सगळा जनुकसंच जगासमोर मांडला, पण हे एक जनुक झाकून ठेवा असं सांगितलं. आपल्यात काय निघतंय ते त्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

इथे मला मुद्दाम थांबावंसं वाटतं. हे जनुक काय करतं? ते जे प्रथिन बनवतं, त्याचं काम चरबी आणि कोलेस्टेरॉल वाहून नेण्याचं आहे. हृदयविकार आणि कोलेस्टेरॉलवर काम करणारे शास्त्रज्ञ त्याला 1970 च्या दशकापासून ओळखत होते. म्हणजे स्मृतीचं म्हणून जे जनुक सापडलं, ते मुळात चयापचयाचं निघालं. ‘घराण्यातून आलं’ आणि ‘खाण्यापिण्यातून आलं’ अशी जी भिंत आपण घालतो, ती या जनुकानं कधी पाळलीच नाही.

याच जनुकाचा शोध आपल्या देशातही घेतला गेला. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी डॉक्टरांनी मिळून वृद्धांची तपासणी केली. बरीच माणसं निरक्षर होती, त्यामुळे इंग्रजी चाचणी जशीच्या तशी चालेना. “कागदावर लिहिलंय ते वाचा आणि डोळे मिटा” याऐवजी डॉक्टर स्वतः डोळे मिटून दाखवायचे आणि म्हणायचे, मी करतो तसं करा. बल्लभगढमध्ये अल्झायमरचं प्रमाण फारच कमी आढळलं. चार नंबरचा प्रकारही तिथे अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी होता, 11 टक्क्यांऐवजी 7 टक्के. पण ज्यांच्यात तो होता, त्यांच्यात आजाराशी असलेलं त्याचं नातं तेवढंच घट्ट निघालं.

आता साखर. लघवी गोड होते हे आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासून माहीत आहे, ‘मधुमेह’ हे नावच त्यावरून पडलं. पण साखरेचे डॉक्टर वेगळे आणि मेंदूचे डॉक्टर वेगळे. दोघांच्या फाइली फार काळ एका टेबलावर आल्याच नाहीत. 1988 मध्ये जेरल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेली चरबी या तिन्हींची एक मोट बांधून दाखवली. 1999 मध्ये हॉलंडच्या रॉटरडॅममधल्या अभ्यासात मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. 2002 मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या वृद्ध पुरुषांच्या अभ्यासात तर दोन्ही धागे एकत्र आले: मधुमेहही आहे आणि चार नंबरचं जनुकही आहे अशांना अल्झायमरचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या साडेपाच पट. पुढे कोणी अल्झायमरला ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ म्हणू लागलं. मला ते नाव पटत नाही. मधुमेह नसतानाही हा आजार होतो, आणि बहुतेक मधुमेहींना तो होत नाही.

पण नातं खरं आहे आणि त्याच्या वाटाही आता बऱ्याच दिसू लागल्या आहेत. मेंदू वजनानं शरीराच्या 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा त्यालाच लागतो. साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं चढे राहिले की त्याच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. शिवाय इन्सुलिनचा निचरा करणारं एक विकर (एन्झाइम) मेंदूत साचणाऱ्या पुटांचं द्रव्यही तोडतं. इन्सुलिनच फार झालं तर दुसरं काम मागे पडत असावं, असा तर्क आहे. उलटी वाट आत्याच्या पलंगाच्या कडेला दिसली. विसरल्यामुळे गोळी दोनदा जाते, साखर घसरते, आणि साखर अशी वरचेवर घसरलेल्या वृद्धांत स्मृतिभ्रंश जास्त आढळतो.

आपल्या मराठी माणसांसाठी या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पान पुण्यात लिहिलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘अंगानं बारीक पण चरबीनं लठ्ठ’ भारतीय शरीराची कल्पना मांडली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. ही चरबी मुख्यतः पोटावर बसते आणि तिची सुरुवात आईच्या पोटात होते, असं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या मोजमापांवरून दिसलं. “आमचा काही लठ्ठ नाही” असं म्हणणाऱ्या प्रत्येक घरानं तो फोटो पाहावा.

मग जनुक असलं तरी काही करता येतं का? फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या गटानं 60 ते 77 वयाच्या 1260 जणांवर दोन वर्षं प्रयोग केला: आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलवर नजर. 2015 मध्ये निष्कर्ष आला. ज्यांनी हे केलं त्यांची स्मृती आणि विचारशक्ती इतरांपेक्षा बरी राहिली, आणि पुढे चार नंबरचं जनुक असलेल्यांतही फायदा दिसला. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं 2024 मध्ये बदलता येण्याजोगी 14 कारणं मोजली, ती सगळी टळली तर जगातला जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा पुढे ढकलता येतो, असा त्यांचा अंदाज आहे. यातली मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, कोलेस्टेरॉल ही कारणं मध्यमवयातली आहेत. आजार सुरू झाल्यावर मात्र गणित बदलतं. वजन आणि साखर उतरवणारं सेमाग्लुटाइड अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांना देऊन पाहिलं, पण 2025 च्या नोव्हेंबरात कळलं की त्यानं आजाराची चाल मंदावली नाही.

आत्याच्या गोळ्या आता सात कप्प्यांच्या डबीत असतात, रोजच्या गोळ्या वहिनी समोर उभं राहून देतात. जनुकाची चाचणी करून घ्यायची का, असं त्यांनी परवा विचारलं. मी त्यांना शिवणाची टेप आणायला सांगितली. आपल्याकडच्या माणसांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80. आत्या खुर्चीत बसून बघत होती. माझी कंबर 97 भरली. मी 47 वर्षांचा आहे.