नो-बॉलची व्हिडिओ तपासणी: दाद कोणी मागायची आणि पुरावा कोणता धरला जातो

गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेपलीकडे पडला, या कारणासाठी नो-बॉल (नियमबाह्य चेंडू) मिळावा म्हणून कोणत्याही संघाला दाद मागावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) २०१९ च्या डिसेंबरमध्ये भारत-वेस्ट इंडिज मालिकेत व्हिडिओ तपासणीची चाचणी घेतली आणि २०२० च्या महिला टी-२० विश्वचषकात ही पद्धत वापरली. तिच्यानुसार तिसरा पंच, म्हणजे मैदानाबाहेर बसून व्हिडिओ पाहणारा पंच, प्रत्येक चेंडूनंतर पाय तपासतो आणि नो-बॉल असल्यास मैदानावरील पंचाला कळवतो. त्याने कळवल्याशिवाय मैदानावरील पंच पुढच्या पायाचा नो-बॉल देत नाही. निरोप उशिरा आला तरी दिलेला बाद रद्द होतो. मैदानावरील पंचाला त्याच क्षणी पाय आणि बॅट दोन्हींकडे पाहावे लागत असे, त्यामुळे ही जबाबदारी त्याच्यावरून काढणे योग्यच होते.

पुरावा म्हणजे बाजूच्या कॅमेऱ्यातील पाय टेकतानाचे दृश्य. त्या क्षणी पायाचा काही भाग, मग टाच हवेत का असेना, पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे यष्टींपुढच्या रेषेच्या, मागे असला पाहिजे. क्रीज म्हणजे चुन्याच्या पट्ट्याची यष्टींकडची कड, म्हणून संपूर्ण पाय पट्ट्यावरच पडला तर तो नो-बॉल ठरतो. नंतर पाय पुढे घसरला तर ते धरले जात नाही, आणि शंका राहिल्यास फायदा गोलंदाजाला मिळतो.

ही यंत्रणा बंद पडली की काय होते, ते ब्रिस्बेनला डिसेंबर २०२१ च्या अ‍ॅशेस (ऑस्ट्रेलिया-इंग्लंड) कसोटीत दिसले. बेन स्टोक्सने डेव्हिड वॉर्नरला १७ धावांवर त्रिफळाचीत केले आणि विकेट पडल्यावर झालेल्या तपासणीत तो नो-बॉल ठरला. पण त्याच षटकातील आधीचे तीन चेंडूही रेषेपलीकडून टाकलेले असून कोणाच्या नजरेस आले नव्हते.

कमरेवरच्या फुलटॉसचा, म्हणजे टप्पा न पडता कमरेच्या वर आलेल्या चेंडूचा, प्रश्न वेगळा आहे. आयपीएलमध्ये २०२३ पासून वाइड व अशा नो-बॉलच्या निर्णयावर खेळाडू रिव्ह्यू (फेरतपासणी) मागू शकतात, मात्र तो संघाच्या ठरलेल्या रिव्ह्यूंमधूनच खर्च होतो. फलंदाजाने किंवा क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराने ठरावीक सेकंदांत हातांनी ‘टी’ची खूण करावी लागते. उंची फलंदाज पॉपिंग क्रीजवर सरळ उभा आहे असे धरून ठरते. २०२४ मध्ये ईडन गार्डन्सवर विराट कोहली फुलटॉसवर बाद झाला तेव्हा तो क्रीजबाहेर उभा होता. त्याच्या कमरेची उंची १.०४ मीटर नोंदलेली होती आणि क्रीजपाशी चेंडू ०.९२ मीटरवर आला असता असे मोजमापात निघाले, म्हणून तो बादच राहिला. म्हणूनच क्रीज सोडून पुढे आलेल्या फलंदाजाने, चेंडू आपल्या कमरेवर होता एवढ्यावरून रिव्ह्यू घेऊ नये.