स्पॅनिश आली की अख्खा दक्षिण अमेरिका खंड फिरता येतो?

भाषा शिकण्यावरच्या फॉरवर्डमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे फिरतं: दक्षिण अमेरिकेत सगळीकडे स्पॅनिशच बोलतात.

असं वाटण्यात नवल नाही. खंडातल्या 12 स्वतंत्र देशांपैकी 9 देशांत स्पॅनिश राजभाषा आहे. पण देश मोजण्याऐवजी माणसं मोजली की हिशेब बदलतो, कारण एकट्या ब्राझीलमध्ये खंडातली जवळपास निम्मी माणसं राहतात आणि तिथली भाषा पोर्तुगीज आहे. मूळ 1494 च्या करारात: स्पेन आणि पोर्तुगालने समुद्रापलीकडची भूमी नकाशावर रेघ मारून वाटून घेतली, आणि ब्राझीलचा किनारा पोर्तुगालच्या बाजूला पडला.

हे पडताळायला आपलं स्वयंपाकघरही पुरतं. बटाटा आणि पाव हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. ब्राझीलच्या एखाद्या पाककृतीत ‘बताता’ आणि ‘पांव’ सापडतील. शेजारच्या अर्जेंटिनात त्याच वस्तू ‘पापा’ आणि ‘पान’.

उरलेले दोन देश म्हणजे गयाना आणि सुरीनाम. गयानाची राजभाषा इंग्रजी (वेस्ट इंडीजच्या संघात तिथले खेळाडू असतात ते उगाच नाही), सुरीनामची डच. सुरीनाममध्ये 1873 पासून गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची भोजपुरी वळणाची सरनामीही घराघरांत ऐकू येते.

स्पॅनिश देशांतही ती एकटी नाही. पॅराग्वेत ग्वारानीला तिच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा आहे, आणि अँडीजच्या डोंगरांत लाखो लोक केचुआ बोलतात.