'जाणूनबुजून बेपर्वाई': अमेरिकेतील कैद्यांच्या उपचारविषयक दाव्यांची पार्श्वभूमी

उपचारांत हेळसांड झाल्याचा दावा अमेरिकेतील शिक्षा भोगणारा कैदी लावतो, तेव्हा त्याची सारी मदार १९७६ च्या एका निकालावर असते. ९ नोव्हेंबर १९७३ रोजी टेक्सासच्या तुरुंगात ट्रकमधून माल उतरवताना सुमारे २७० किलोची कापसाची गाठ गॅम्बल नावाच्या एका कैद्याच्या अंगावर पडली. पुढच्या तीन महिन्यांत त्याला सतरा वेळा तपासण्यात आले, गोळ्याही मिळाल्या. पण कमरेचा एक्स-रे काही निघाला नाही. डॉक्टरांनी खालचा पलंग द्यायला सांगितले होते, तेही झाले नाही आणि दुखण्यामुळे कामाला नकार देताच त्याला वेगळ्या कोठडीत टाकण्यात आले. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याने हाताने लिहिलेली तक्रार न्यायालयात गेली.

कैदी स्वतःहून डॉक्टर गाठू शकत नाही, म्हणून त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या घटनादुरुस्तीचा आधार उपचारांच्या या हक्काला मिळाला. मात्र एक्स-रे न काढणे हा फार तर वैद्यकीय निष्काळजीपणा आहे, त्याची दाद राज्याच्या न्यायालयात मागावी, असे सांगून तुरुंगाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याविरुद्धचा दावा त्याच निकालात फेटाळला गेला. ज्याच्या नावाने हा हक्क ओळखला जातो, त्याच्या पदरात फारसे काही पडले नाही.

खरा गुंता आहे तो निकालातील 'डेलिबरेट इन्डिफरन्स' या शब्दप्रयोगाचा; कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे अधिकाऱ्याने असे वागणे, हीच हक्कभंगाची कसोटी ठरली. मराठीत 'जाणूनबुजून बेपर्वाई' म्हणून पाहावे, तर दोन शब्द एकमेकांशीच भांडतात: बेपर्वाईत लक्ष नसणे आले आणि जाणूनबुजून म्हटले की लक्ष असणे आले. एकमेव विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी या शब्दप्रयोगावर आक्षेप घेतला होता. शिक्षा क्रूर आहे की नाही, हे ती देणाऱ्याच्या मनावरून नव्हे, तर शिक्षेच्या स्वरूपावरून ठरावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मागे पडले. १९९४ मध्ये तर न्यायालयाने स्पष्टच केले की, गंभीर धोका अधिकाऱ्याला प्रत्यक्ष ठाऊक होता आणि तरीही त्याने काणाडोळा केला, हे दाखवावे लागेल. कोठडीत बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मनातले सिद्ध करायचे, ही अपेक्षा जड आहे.

१९९६ च्या कायद्याने वाट आणखी अरुंद केली. आधी तुरुंगातील तक्रारप्रक्रिया संपवायची, गरीब कैद्यानेही न्यायालयाचे शुल्क हप्त्याहप्त्याने का होईना पण भरायचे आणि शारीरिक इजा नसेल तर निव्वळ मानसिक त्रासाची भरपाई मागायची नाही, अशा अटी आल्या.

त्यामुळे एकेकट्या तक्रारीपेक्षा संपूर्ण व्यवस्थेवर बोट ठेवणारे सामूहिक दावे महत्त्वाचे ठरले. कॅलिफोर्नियात सुमारे ८० हजारांसाठी बांधलेल्या तुरुंगांत जवळपास दुप्पट माणसे कोंबलेली होती आणि सहा-सात दिवसांना एक कैदी टाळता येण्याजोग्या कारणाने दगावत असल्याचे न्यायालयात नोंदले गेले. ही संख्या दोन वर्षांत क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर, म्हणजे तरीही क्षमतेच्या वरच, आणण्याचा आदेश २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी कायम झाला.