रसायनशास्त्राची संदर्भसाधने : छापील सूचीपासून राष्ट्रीय वर्गणीपर्यंत

ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात पदव्युत्तर रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज नियतकालिकांची वाण नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय वर्गणी योजनेमुळे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके देशभरातील सरकारी शिक्षणसंस्थांना आणि संशोधनसंस्थांना खुली झाली आहेत, आणि एके काळी ज्या लेखाची छायाप्रत यायला आठवडेच्या आठवडे लागत तो लेख आता बसल्या जागी वाचता येतो. तरीही एखाद्या संयुगाचा विश्वासार्ह द्रवणांक कोठे मिळेल, एखादी अभिक्रिया यापूर्वी कोणी केली आहे का, जुन्या नावाने नोंदलेला पदार्थ आज कोणत्या नावाखाली शोधावा, या प्रश्नांपाशी तोच विद्यार्थी अडतो. लेख हाती येणे ही एक गोष्ट आहे आणि नेमका कोणता लेख हवा हे कळणे ही दुसरी. गेल्या चार दशकांत ग्रंथालयांचा पैसा आणि लक्ष पहिल्या गोष्टीकडे वळत गेले, आणि आजची अडचण समजून घ्यायची तर तो प्रवास पाहावा लागतो.

गोव्यात रसायनशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण पोर्तुगीज काळात प्रामुख्याने वैद्यक आणि औषधनिर्मिती यांच्या आधाराने झाले. पणजीतील वैद्यकीय विद्यालय १८४२ चे, आणि सार्वजनिक ग्रंथालय त्याहूनही दहा वर्षे जुने. १९६१ च्या मुक्तीनंतर चित्र झपाट्याने बदलले. १९६२ साली पणजीत आणि मडगावात महाविद्यालये सुरू झाली, विज्ञानशाखेचे शिक्षण इंग्रजीतून होऊ लागले आणि पदव्युत्तर वर्ग मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील केंद्रात भरू लागले. १९६६ मध्ये समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि पुढे दोना पावलाला स्थिरावली, त्यामुळे सागरी रसायनशास्त्राची गरज आणि त्यासाठीचे ग्रंथ गोव्यात आले. स्वतंत्र विद्यापीठ मात्र १९८५ साली उभे राहिले. या शेवटच्या तारखेचे महत्त्व संदर्भसाधनांच्या दृष्टीने फार मोठे आहे.

जी साधने जगभर प्रमाण मानली जातात, ती तोवर जुनी होऊन गेली होती. असेंद्रिय रसायनशास्त्रासाठीच्या ग्मेलिन या जर्मन कोशाची सुरुवात १८१७ ची, सेंद्रिय संयुगांसाठीच्या बाइलश्टाइनची १८८१ ची, औषधे आणि रसायने यांची माहिती देणाऱ्या मर्क इंडेक्सची १८८९ ची. प्रयोगशाळेतल्या टेबलावर हमखास दिसणारे, पदार्थांच्या गुणधर्मांची कोष्टके देणारे सीआरसी हँडबुक १९१३ सालचे. या सर्वांहून व्याप्तीने मोठे ठरले ते अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९०७ मध्ये सुरू केलेले केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स. जगात कोठेही, कोणत्याही भाषेत प्रसिद्ध झालेल्या रसायनविषयक लेखाचा आणि पेटंटचा सारांश इंग्रजीत देणे आणि त्याची सूची करणे हे त्याचे काम. पहिल्या वर्षी सुमारे १२,००० सारांश छापले गेले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा वर्षाला सात लाखांच्या आसपास पोहोचला.

हा पसारा सूचीशिवाय निरुपयोगी होता, आणि सूची वापरणे हे एक शिकून घ्यायचे कौशल्य होते. लेखकसूची, विषयसूची, पेटंटसूची आणि रेणुसूत्रांची सूची अशा वेगवेगळ्या वाटा होत्या. रेणुसूत्रात कार्बन प्रथम, मग हायड्रोजन, मग उरलेली मूलद्रव्ये वर्णक्रमाने, हा नियम एकदा मनात बसला की नाव न कळताही पदार्थापर्यंत पोहोचता येई. १९५६ पर्यंतच्या सूची दहा-दहा वर्षांच्या एकत्र केलेल्या, त्यानंतरच्या पाच-पाच वर्षांच्या. १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र नोंदणी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५, इथेनॉलचा ६४-१७-५. शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने ठरतो, त्यामुळे नकलताना झालेली चूक बहुधा लगेच पकडता येते. आज औषधांच्या कच्च्या मालाच्या पिंपांवर आणि सुरक्षापत्रकांवर जो क्रमांक छापलेला असतो तो हाच.

नोंदणी क्रमांकाची खरी गरज १९७२ मध्ये घेतलेल्या एका निर्णयाने ठसठशीत केली. त्या वर्षापासून सूचीतली रूढ नावे मोठ्या प्रमाणावर बाजूला सारून नियमबद्ध नावे आणण्यात आली. ॲसिटोन २-प्रोपॅनोन या मथळ्याखाली गेला, ॲनिलीन बेंझिनअमाइन झाले, टोल्यूईन बेंझिनच्या पोटात मिथाइलसह गेले. काजूच्या टरफलातील तेलावर काम करणाऱ्याला अनाकार्डिक आम्ल ‘अ’ मध्ये न शोधता बेंझॉइक आम्लाच्या शाखेत शोधावे लागे. निर्णय तर्कशुद्ध होता, कारण एकाच सांगाड्याची सर्व संयुगे त्यामुळे एका जागी आली. तथापि १९६७ ते १९७१ ची सूची एका नावाने आणि १९७२ ते १९७६ ची दुसऱ्या नावाने चाळावी लागत असल्याने, नवख्या वाचकाला १९७२ नंतर त्या पदार्थावर जणू कामच झाले नाही असे वाटण्याचा धोका होता. रूढ नावावरून सूचीतल्या नावाकडे नेणारा इंडेक्स गाइड नावाचा वेगळा खंड याचसाठी असे, आणि जाणता ग्रंथपाल वाचकाच्या हाती सर्वांत आधी तोच देई.

१९८५ साली सुरू झालेल्या विद्यापीठापुढे प्रश्न असा होता की अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा मागचा संचय आणायचा कोठून. जुन्या विद्यापीठांनी दरवर्षी थोडेथोडे घेत कपाटे भरली होती. नव्या विद्यापीठाला चालू अंक घेता येतात, परंतु मागचे सारे एकदम विकत घेण्याइतकी तरतूद कोणत्याच नव्या विद्यापीठाकडे नसते. त्यामुळे जुने साहित्य पाहायचे असेल तर मुंबई, पुणे किंवा बंगळूर गाठावे लागे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये धावू लागली, तोवर मुंबईचा प्रवास मुख्यत्वे रात्रीच्या बसने होई, आणि तेथील ग्रंथालयात हाताने उतरवून घेतलेल्या नोंदींवर पुढचे काही महिने काम चाले. दिल्लीतील राष्ट्रीय प्रलेखन केंद्राकडे मागणी नोंदवून टपालाने छायाप्रत मागवण्याची सोयही होती, पण मागणी नोंदवण्यासाठी अचूक संदर्भ लागे आणि तो संदर्भ सूचीतूनच मिळे. बाइलश्टाइन पाहायचे तर जर्मन यावे लागे, कारण १९८० च्या दशकात सुरू झालेल्या पाचव्या पुरवणीपर्यंत तो कोश जर्मनमध्येच निघत असे. त्या काळातील संशोधकांपैकी अनेकांनी केवळ यासाठी जर्मनचे प्राथमिक धडे गिरवले आहेत.

त्यातच जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. परदेशी नियतकालिकांची वर्गणी डॉलरमध्ये भरावी लागत असल्याने त्याच रकमेत कमी अंक येऊ लागले. प्रकाशकांच्या किमतीही दरवर्षी वाढत होत्या. देशभरातील ग्रंथालयांनी वर्गण्या तोडायला सुरुवात केली, आणि तोडताना बहुधा तीच साधने आधी गेली ज्यांचा खर्च सर्वांत मोठा आणि वापर वरवर पाहता कमी.

येथे तो निर्णय येतो ज्यावर आजही दोन मते आहेत : सारांशांची आणि कोशांची छापील आवृत्ती बंद करून केवळ संगणकीय प्रवेशावर विसंबण्याचा.

या निर्णयाच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे खोटी नाहीत. केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्सचे अंक १९६७ पासून दर आठवड्याला निघत, आणि सूचीचे जाडजूड खंड त्याखेरीज. एका दशकाच्या संग्रहाने एक दालन व्यापावे अशी स्थिती होती. गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हवेतला ओलावा असा असतो की बंद कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी लागते आणि कसर बांधणीतली खळ खाते, त्यामुळे एवढा संग्रह राखणे हे नुसते जागेचे काम राहत नाही. शिवाय छापील सूचीत तासन्‌तास लागणारा शोध संगणकावर मिनिटांत होतो. १९९५ मध्ये आलेल्या सायफाइंडर या प्रणालीत रेणूची रचना काढून शोधता येऊ लागले, जे कागदावर कधीच शक्य नव्हते. पुढे प्रकाशकांनीच प्रश्न निकालात काढला. बाइलश्टाइनची छपाई १९९८ मध्ये थांबली, केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्सची २०१० च्या आरंभापासून. २००९ मध्ये बाइलश्टाइन आणि ग्मेलिन यांची माहिती रीॲक्सिस या एकाच प्रणालीत आली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मात्र जितके ऐकले जायला हवे होते तितके ऐकले गेले नाही. छापील खंड एकदा विकत घेतला की तो ग्रंथालयाचा होतो, आणि पुढच्या वर्षी पैसे नसले तरी मागचे साहित्य वाचकापाशी राहते. संगणकीय प्रणालीच्या वार्षिक परवान्यात वर्गणी थांबली की चालू वर्षाबरोबर शंभर वर्षांचा मागोवाही त्याच दिवशी बंद होतो. दुसरा मुद्दा वाचकाचा. छापील संदर्भ विभागात ओळखपत्र दाखवून बसण्याची परवानगी मिळाली की वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला रसायनतज्ज्ञ, उच्च माध्यमिक शाळेतला शिक्षक, निवृत्त संशोधक, कोणीही पान उघडू शके. परवाना मात्र नोंदणीकृत विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासाठी असतो, आणि करारात तशी मुभा नसेल तर बाहेरच्या वाचकाला ग्रंथपाल इच्छा असूनही मदत करू शकत नाही. औषधनिर्मितीचे एवढे कारखाने असलेल्या छोट्या राज्यात ही गोष्ट किरकोळ म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या ग्रंथालयांना संगणकीय सूचीची वर्गणी परवडली नाही, त्यांच्याकडे छापील सूचीही उरली नाही. म्हणजे कागदावरून पडद्याकडे जाण्याचा जो बदल म्हणून मांडला गेला, तो अनेक ठिकाणी प्रत्यक्षात सूची असण्याकडून सूची नसण्याकडे झाला. अशा वेळी छापील जुने संच रद्दीत काढणे किंवा तळघरात ढकलणे हे घाईचे होते असे म्हणावे लागते, कारण १९०७ ते २००० पर्यंतचे सारांश आजही तितकेच खरे आहेत आणि इंडेक्स गाइड हाताशी असेल तर आजही वापरता येतात.

सामूहिक वर्गणीचा विचार याच सुमारास पुढे आला. २००३ मध्ये केंद्रीय तंत्रशिक्षण संस्थांसाठी एक संघ उभा राहिला आणि त्यापाठोपाठ विद्यापीठांसाठी दुसरा. प्रकाशकांशी एकत्रित वाटाघाटी केल्याने किमती पुष्कळ उतरल्या, आणि लहान विद्यापीठांना प्रथमच मोठ्या रसायनशास्त्रीय संघटनांची नियतकालिके नियमित मिळू लागली. गोव्यासारख्या ठिकाणी याचा लाभ निर्विवाद आहे. परंतु सर्व विद्यापीठांना सर्व साधने मिळाली नाहीत. कोणाला काय द्यायचे हे वेगवेगळे ठरे. २०१० मध्ये महाविद्यालयांसाठी अल्प शुल्काची योजना आली आणि २०१५ मध्ये हे निरनिराळे संघ एकत्र करण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय वर्गणीला मान्यता दिली. या संपूर्ण प्रवासात मोजमाप झाले ते नियतकालिकांच्या संख्येचे आणि उतरवून घेतलेल्या लेखांचे. सूचींच्या उपयोगाची गणती करणे अवघड असल्याने त्या मागे पडल्या, आणि अर्थसंकल्पात जे मोजता येत नाही ते मागता येत नाही.

ही पोकळी बऱ्याच अंशी संयुगांची माहिती देणाऱ्या मोफत संगणकीय साधनांनी भरली. १९९६ पासून अमेरिकेच्या मानकसंस्थेचे केमिस्ट्री वेबबुक, २००४ पासून पबकेम, २००७ पासून केमस्पायडर. नोंदणी क्रमांक तपासण्यासाठी कॉमन केमिस्ट्री हे साधनही विनामूल्य आहे. पबकेम ही साधी सोय नव्हे, मोठी देणगी आहे. तिच्यात माहिती शेकडो ठिकाणांहून गोळा केलेली असते, त्यामुळे एकाच संयुगासाठी दोन-तीन वेगळे द्रवणांक शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांतला कोणता मूळ मोजमापातून आला, कोणता नुसता उतरवून घेतला, हे वाचकाला स्वतः पाहावे लागते. विद्यार्थी बहुधा पहिला आकडा उचलतात. जुन्या कोशांत हे काम संपादकाने केलेले असे. बाइलश्टाइनमध्ये प्रत्येक आकड्यापुढे मूळ लेखाचा संदर्भ असे, आणि संशयास्पद मोजमाप गाळले जाई.

मिश्रणांच्या बाबतीत हा फरक अधिक जाणवतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था भरलेले, खलाशी नसलेले एक जहाज दोना पावलाजवळ खडकांवर अडकले, तेव्हा नाफ्था किती तापमानाला पेट घेते, त्याची वाफ हवेपेक्षा जड की हलकी, हे प्रश्न गोव्यात घरोघरी विचारले गेले. नाफ्था हे एक संयुग नाही. तो अनेक हायड्रोकार्बनांचा समुच्चय असून शुद्धीकरणाच्या पद्धतीनुसार त्याची घडण बदलते, म्हणून त्याला एकच उत्कलनांक नसतो, एक टप्पा असतो. शुद्ध संयुगांचे कोष्टक येथे कामी येत नाही. त्यासाठी औद्योगिक रसायनशास्त्राचे विश्वकोश, म्हणजे किर्क-ओथमर किंवा उलमान, आणि त्या विशिष्ट मालाचे सुरक्षापत्रक पाहावे लागते. कोणत्या प्रश्नासाठी कोणत्या प्रकारचे साधन उघडायचे, ही समज कोणत्याही वर्गणीबरोबर आपोआप येत नाही. पूर्वी ती ग्रंथपालाकडून किंवा प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठांकडून मिळे. आज पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धतीच्या विषयाखाली तिला जे मोजके तास मिळतात, त्यांतले बरेचसे उद्धरणांची पद्धत आणि वाङ्मयचौर्य तपासणी यांतच संपतात.

सध्याच्या राष्ट्रीय वर्गणीची मंजूर मुदत २०२७ अखेर संपते, आणि पुढच्या फेरीची बोलणी त्याआधी सुरू करावी लागतील. नियतकालिकांच्या यादीबरोबर किमान एका रसायनसूचीचा समावेश व्हावा आणि परवान्यात बाहेरच्या वाचकाला ग्रंथालयात बसून वापरण्याची मुभा असावी, या दोन मागण्या राज्यांतील विद्यापीठांनी लेखी नोंदवणे त्या वेळेपूर्वीच शक्य आहे.