स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात पेंढा कधी, किती आणि कसा अंथरावा

रोपे नेलेल्यांचे डिसेंबरात फोन येतात ते बहुधा एकाच कारणाने: फळ लाल व्हायला लागले की खालून मऊ पडते आणि त्यावर राखाडी बुरशी धरते. स्ट्रॉबेरीचे घोस जमिनीवरच लोळतात, म्हणून फळ आणि ओली माती यांच्यामध्ये कोरडा थर हवा. शिवाय या रोपाची बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीत असतात. ऊन तापले की आधी तीच सुकतात, आणि खुरपे चालवले की आधी तीच तुटतात.

कधी
लावणीनंतर लगेच नको. दोन-तीन आठवड्यांत नवी पाने फुटली, रोपाने मूळ धरले, की मग. उशिरात उशिरा पहिली फुले दिसताना. ‘विंटर डॉन’ ही जात लवकर फुलते, तिच्याकडे आधी बघा.

कशाचे
भाताचा पेंढा सर्वांत सोयीचा. गव्हाचे काडही चालते, पण दोन्ही आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवून चांगले झटका. राहिलेले दाणे वाफ्यातच उगवतात आणि मग तेच तण उपटत बसावे लागते. आठ-दहा सेंटीमीटरचे तुकडे करा. उसाचे पाचट टिकते जास्त, पण त्याच्या धारदार कडांनी फळाला ओरखडे पडतात, म्हणून बारीक करून घ्या. लाकडाचा ताजा भुसा आम्ही सुचवत नाही: तो दाबून बसतो, आणि मातीत मिसळला गेला तर कुजताना तिथले नत्र ओढून घेतो. जुनी पाने पिवळी पडू लागतात ती त्यामुळे.

कसे
आधी तण काढा, प्रत्येक रोपाभोवती दोन मुठी गांडूळखत घाला आणि वाफा भरपूर भिजवा. ठिबकची नळी असेल तर ती पेंढ्याखाली जाऊ द्या. एका चौरस मीटरला साधारण एक किलो पेंढा लागतो. सैल पसरला की सात-आठ सेंटीमीटरचा थर दिसतो आणि काही दिवसांत दबून पाचवर येतो. घोस हलकेच उचलून त्यांच्याखाली पेंढा सरकवा.

रोपाच्या मधोमध जिथून नवी पाने निघतात तो गड्डा, म्हणजे क्राऊन, मोकळा राहिलाच पाहिजे. त्याच्याभोवती दोन बोटे जागा सोडा. क्राऊन झाकला की तिथे ओल साचते, तो आतून तपकिरी होतो आणि वरून हिरवे दिसणारे रोप हलवले की हातात येते. असे रोप वाचत नाही. कुंडीत जागा कमी, त्यामुळे ही चूक तिथे जास्त होते. तिथे तीन-चार सेंटीमीटरचा थर पुरे.

पाणी
वरचा पेंढा कोरडा दिसतो म्हणून रोज पाणी देऊ नका. पेंढा बाजूला करून बोट मातीत दोन पेरे खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. झारीने वरून पाणी घातले तर निम्मे पेंढाच पितो आणि फळेही भिजतात. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे.

पाहुणे
फळाला गुळगुळीत खड्डे आणि जवळ चकाकणारा चिकट माग दिसला तर गोगलगाय समजा. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट टाका, सकाळी ते उचलून खाली जमलेल्या गोळा करा. पेंढ्याखाली मातीचे बारीक बोगदे दिसले तर वाळवी आहे. तेवढा पेंढा काढा, जागा मोकळी करा. कच्चे शेणखत घातले असेल तर हा त्रास वाढतो.

प्लास्टिक
पेंढ्याऐवजी माती झाकायला वापरतात तो काळा-चंदेरी मल्चिंग पेपर (२५ ते ३० मायक्रॉन) लावणीआधीच अंथरावा लागतो, चंदेरी बाजू वर. लावलेल्या रोपांवर तो चढवायला जाऊ नका. चार-पाच कुंड्यांसाठी तर त्याची गरजच नाही.

पावसाआधी
मेअखेर सगळा पेंढा काढा. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात तो राहिला तर मुळे सडतात. निरोगी वाफ्यातला पेंढा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. बुरशी लागलेली फळे-पाने मात्र त्यात जाऊ देऊ नका.